खाकी एक, दारं चार!

तालुक्याच्या गावी पहाटे मैदानावर चक्कर मारा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली अंधारातच धावताना दिसतील. कुणाला सोळाशे मीटरची वेळ कमी करायचीय, कुणाला गोळाफेकीत मार्क वाढवायचेत. त्याच वेळी पुण्यातल्या एखाद्या अभ्यासिकेत कुणीतरी आयपीएसचं स्वप्न घेऊन बसलेलं असतं. दोघांना विचारा, उत्तर एकच : 'पोलिसात जायचंय.' पण मित्रांनो, कुठल्या पोलिसात?

आपल्याकडे 'राष्ट्रीय पोलीस' असं एकच दल नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा विषय राज्यांकडे दिलाय. राष्ट्रीय आहे ती भारतीय पोलीस सेवा, आणि ती फक्त अधिकाऱ्यांची. निवड यूपीएससी करते, प्रशिक्षण हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत होतं आणि केडर मिळालं की रोजचं काम राज्य सरकारच्या हाताखाली. म्हणजे नेमणूक केंद्राची, बदली राज्याची!

महाराष्ट्रात खाकीची दारं चार. बारावीनंतर शिपाई भरती, ती जिल्हा किंवा आयुक्तालय पातळीवर होते. पदवीनंतर एमपीएससीतून पीएसआय किंवा डीवायएसपी, दोघांचंही प्रशिक्षण नाशिकच्या अकादमीत. आणि चौथं दार आयपीएसचं. राज्य सेवेतले वरिष्ठ अधिकारी बढतीनं आयपीएसमध्ये जातात खरे. पण शिपाई म्हणून लागलेल्याला हवालदाराच्या फितीपर्यंत पोहोचायलाही बरीच वर्षं लागतात. आणि सामान्य माणूस तक्रार घेऊन जातो तेव्हा त्याला आधी भेटतो तो हाच शिपाई. आपल्यासाठी पोलीस खातं म्हणजे एसपी साहेब नव्हे, ठाणे अंमलदाराचं टेबल.

मग अधिकाऱ्यांची ही अखिल भारतीय सेवा हवी कशाला? ऑक्टोबर १९४९ मध्ये घटना समितीत सरदार पटेलांनी या सेवांची बाजू लावून धरली होती. मंत्र्यासमोर आपलं मत मोकळेपणानं मांडता येईल असा अधिकारी देशाला हवा, हा त्यांचा मुद्दा होता. थोडक्यात, 'नाही' म्हणता यावं म्हणून ही सेवा.

पण 'नाही' म्हणणाऱ्याची रातोरात बदली होणार असेल तर? उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ ला निकाल आला. महासंचालक, जिल्ह्याचे एसपी आणि ठाण्याचे प्रमुख यांना किमान दोन वर्षं एका जागी राहू द्या. तपासाचं काम बंदोबस्तापासून वेगळं करा. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण नेमा. आपल्या राज्यानंही २०१४ मध्ये कायद्यात बदल केले. तरी बदल्यांच्या यादीवरून दरवर्षी होणारा गोंधळ काही थांबलेला नाही. कागदावर कायदा आणि हातात बदलीचा आदेश, अशी ही गंमत आहे.

आमचं म्हणणं एवढंच, हे संरक्षण फक्त साहेबांचा प्रश्न नाही. ठाण्यातल्या शेवटच्या शिपायालाही चुकीच्या फोनवर 'नियमात बसत नाही' म्हणता आलं पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हेमंत करकरे आणि अशोक कामटे हे आयपीएस अधिकारी गेले, निरीक्षक विजय साळसकर गेले आणि गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक धरून ठेवणारे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळेही गेले. चौघांनाही अशोकचक्र मिळालं. गोळीनं कुणाचा हुद्दा पाहिला नव्हता. मग कायद्यानं वागणाऱ्याच्या पाठीशी उभं राहताना सरकारनं तरी तो का पाहावा?

तेव्हा दोस्तांनो, फॉर्म कुठलाही भरा, पण एक गोष्ट करा. आपल्या जिल्ह्यात गेल्या पाच वर्षांत किती एसपी आले नि गेले, आपल्या ठाण्याचे पीआय किती महिने टिकले, ते शोधून काढा. आणि निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला त्याचं कारण विचारा. उद्या त्या खुर्चीवर तुम्ही असाल. त्या दिवशी तुम्हाला 'नाही' म्हणता येईल की नाही, हे आज विचारलेल्या प्रश्नांवरही ठरणार आहे.