जुन्या स्वेटरचे जाड चौकोन

मैत्रिणींनो, दिवाळी सरली की आमच्या नाशकात संध्याकाळी अंगावर काटा येऊ लागतो. मामंजी पडवीत बसतात ते गुडघ्यांवर टॉवेल टाकून. आणि कपाटात सासूबाईंचा किरमिजी स्वेटर तीन वर्षं नुसता पडलेला! यंदा काढून बघते तो काय, डांबरगोळ्या असूनही कोपरांना कसर लागलेली. “मामंजी, उसवू का?” असं विचारलं, तर दोन दिवस ते काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाले, “आण इकडे, लड मी धरतो.”

उसवण्याआधी इंचभर धागा चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरगळली, तर लोकर खरी. वितळून कडक मणी झाला, तर ॲक्रिलिक. आधी शिवणी उसवा, मग विणकाम जिथे संपवलंय त्या टोकाने धागा ओढा. कसर लागलेला भाग सरळ कापून टाकायचा, तिथे जीव अडकवू नये. लड चार ठिकाणी सैल बांधून कोमट रिठ्याच्या पाण्यात बुडवा, चोळू मात्र नका. पाणी दाबून काढा आणि लड सावलीत टांगा. खाली मी सांडशी अडकवते, त्या वजनाने धाग्याच्या वळ्या सरळ होतात.

आता चौकोन. दोन धागे एकत्र धरा आणि ७ ते ८ मिलिमीटरची सुई घ्या. ४ साखळ्यांचं कडं करा. ३ साखळ्या घाला (हा पहिला खांब धरायचा), त्याच कड्यात २ खांब, मग २ साखळ्या. पुढे ३ खांब, २ साखळ्या असं आणखी तीनदा. सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत सुई घालून फेरी बंद करा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब आणि दोन कोपऱ्यांच्या मध्ये १ साखळी. तिसऱ्या-चौथ्या फेरीत कोपरे तसेच, शिवाय बाजूच्या प्रत्येक भोकात ३ खांब. अमेरिकेत १८८५ साली छापलेला हा नमुना आजही असाच विणतात. एक सांगून ठेवते, इंग्रजी पुस्तकातलं ‘डबल क्रोशे’ अमेरिकन असेल तर आपला खांब, ब्रिटिश असेल तर आपला मुका खांब! माझी एक अख्खी दुपार यात वाया गेलीय.

चौकोन वाटीसारखा वर उचलला, तर हात घट्ट आहे, एक नंबर मोठी सुई घ्या. झालर पडली, तर कुठेतरी जास्तीचे खांब शिरलेत, मोजा. फेऱ्यांचे खांब अनुक्रमे १२, २४, ३६ आणि ४८ भरले पाहिजेत.

हा हिशोब मला फार उपयोगी पडला. पहिला चौकोन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, २८ ग्रॅम भरला. मापाने ७ इंच. गुडघ्यांवर घ्यायला चार ओळींत पाच-पाच, म्हणजे २० चौकोन. त्यांना ५६० ग्रॅम लोकर हवी. स्वेटरातून निघाली फक्त ३५०! मामंजींचा चेहरा उतरला. पण एकूण १२० खांबांतले ४८ शेवटच्या फेरीत जातात. तेवढी फेरी सायीच्या रंगाची केली, तर किरमिजी ३३६ ग्रॅम पुरते. तिसऱ्या फेरीनंतर धागा तोडायचा आणि कोपऱ्यात नवा जोडायचा, इतकंच. सायीच्या रंगाची ३०० ग्रॅम आणली, कारण जोडायलाही लागते.

धाग्यांची टोकं चारेक इंच ठेवा आणि बोथट सुईने मागून ओवून घ्या. गाठीवर भरवसा ठेवून कापलेली टोकं पहिल्या धुण्यातच बाहेर येतात. चौकोन उलट्या बाजूने मुक्या खांबांनी जोडा, आधी आडव्या ओळी, मग उभ्या. उरलेला किरमिजी गुंडा मी बोहारणीला द्यायच्या पिशवीत टाकला होता, तो मामंजींनी काढून आपल्या खणात ठेवला.

पांघरूण धुतल्यावर दोरीवर टांगू नका, ओल्या वजनाने लांबतं. चादरीवर पसरून सावलीत वाळवा.