जाहिरातीची रोजकीर्द आणि खतावणी

व्यापारी माणसाला वजनमापाचे महत्त्व सांगावयास नको. गूळ असो, कापड असो वा लोखंड असो, माल स्वतः तोलल्या-मोजल्याशिवाय तो वखारीत घेत नाही. परंतु एक माल असा आहे की, त्याचे माप आपण विकणाऱ्याच्या शब्दावर मुकाट्याने मान्य करतो. तो माल म्हणजे जाहिरात होय. संगणकावरील जाहिरातीचा प्रवेश आता आपल्या पेढ्यांवरही झाला असल्याने या मापाविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बेळगावच्या उद्यमबागेतील आणि कोल्हापूरनजीकच्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्यांना बेंटोनाइट, रेझिन आणि भट्टीच्या अस्तराचा माल पुरविणाऱ्या एका पेढीवर घडलेला प्रसंग आमच्या ऐकिवात आहे. पेढीच्या धाकट्या मालकांनी लिंक्डइनवर जाहिरात देण्याचे ठरविले. जाहिरात-सल्लागाराने आणलेल्या कागदावर 'अपेक्षित पोहोच ८२,०००' असा आकडा होता. थोरल्यांनी चष्मा सावरून एकच प्रश्न केला, "आपली आजची गिऱ्हाइके आणि उद्या होऊ शकतील अशी गिऱ्हाइके मिळून फाउंड्र्या २४०. मग हे ब्याऐंशी हजार कोण?" या प्रश्नाचे उत्तर कागदावर नव्हते, आणि सल्लागारापाशीही नव्हते.

ज्याला दंतमंजन विकावयाचे आहे, त्याला गर्दी हवी. ज्याला फाउंड्रीचा माल विकावयाचा आहे, त्याला ठरावीक कारखान्यांतील ठरावीक माणसे हवीत. म्हणून गिऱ्हाईक-संस्थांची नावनिशीवार यादी आधी करावयाची व केवळ त्या संस्थांतील माणसांनाच जाहिरात दाखवावयाची, अशी पद्धत गेल्या वीसेक वर्षांत रूढ झाली आहे. तिला आम्ही 'खातेनिहाय जाहिरात' म्हणतो, कारण तिचा पाया आपल्या खातेवहीसारखाच आहे. लिंक्डइनवर अशी यादी देण्याची सोय आहे. पद्धत उत्तमच आहे. दोष आहे तो तिची पोहोच अजमावण्याच्या रीतीत.

वरील पेढीचाच हिशेब दाखल्यासाठी मांडून पाहू. यादीत २४० फाउंड्र्या. खरेदीच्या निर्णयात ज्यांचा शब्द चालतो अशी माणसे प्रत्येक ठिकाणी समजा ५ : मालक, वर्क्स मॅनेजर, धातुतज्ज्ञ, खरेदी अधिकारी आणि भांडारप्रमुख. म्हणजे कागदावर १,२०० माणसे झाली. आता यादीतील १५० फाउंड्र्याच त्या माध्यमावर सापडल्या असे धरू. पुष्कळ लहान कारखान्यांचे तेथे पानच नसते. माणसे उरली ७५०. त्यांतील निम्म्यांनीच आपली नोंद केली व ती अद्ययावत ठेवली असे मानले, तर ३७५. बाकीच्यांची नोंद तरी नाही, किंवा नोकरी बदलूनही जुन्याच कारखान्याचे नाव कायम आहे. या ३७५ पैकी महिन्याभरात ते माध्यम उघडणारे दोनतृतीयांश धरले, तर खरी पोहोच २५० माणसांची. शिवाय ३०० पेक्षा कमी सदस्यांच्या यादीवर लिंक्डइन जाहिरात चालवीतच नाही. म्हणून 'फक्त खरेदी अधिकारी' अशी आणखी चाळणी लावली, तर जाहिरात सुरूच होणार नाही.

मग ८२,००० आले कोठून? यादीबाहेरच्या 'सदृश' माणसांनाही जाहिरात दाखवावी, अशी एक मुभा या माध्यमांवर असते. ती चालू राहिली की आकडा फुगतो. कारखान्यातील निर्णयाशी संबंध नसलेला सारा नोकरवर्ग मोजला की तो आणखी फुगतो. नावांचा घोटाळा तर आपल्याच समाजाला चांगला परिचित आहे. 'महावीर ट्रेडर्स' या नावाची पेढी कोणत्या गावी नाही? केवळ नावावरून यादी जुळविली, तर सांगलीच्या गिऱ्हाइकासाठी दिलेले पैसे परमुलखातील एखाद्या महावीर ट्रेडर्सच्या कारकुनावर खर्च व्हावयाचे. यादीत नावासोबत संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता व गाव दिल्यास ही चूक बरीच टळते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? यादी सदोष असेल, तर पोहोचही सदोषच असणार.

येथे एक जुनी गोष्ट स्मरण करण्याजोगी आहे. वृत्तपत्रांच्या खपाचे आकडे तपासण्यासाठी आपल्या देशात १९४८ साली ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था स्थापन झाली. तीत प्रकाशक होते, तसेच जाहिरातदार आणि जाहिरातसंस्थाही होत्या. विकणारा व घेणारा यांनी मिळून माप ठरविले. आजच्या माध्यमांत बहुतांशी माल आणि तागडी एकाच हातात आहे. २०१७ साली एका विश्लेषकाने दाखवून दिले की, अमेरिकेतील १८ ते २४ वयाच्या ४ कोटी १० लाख लोकांपर्यंत पोहोचता येईल असे फेसबुकचा अंदाज सांगत होता; पण जनगणनेच्या हिशेबाने त्या वयाचे लोकच सुमारे ३ कोटी १० लाख होते. आपले अंदाज जनगणनेशी जुळावेत यासाठी केलेलेच नाहीत, असा खुलासा कंपनीने केला. खुलासा खरा मानला, तरी बोध स्पष्ट आहे : अंदाज हा अंदाज असतो, ती पावती नव्हे.

मोठ्या आकड्याचा काहीच उपयोग नाही, असे आमचे म्हणणे नाही. नवे गिऱ्हाईक कोठून उगवेल हे कोणी सांगावे? नावलौकिकासाठीही थोडा खर्च करावाच लागतो. पण तो खर्च त्याच नावे खर्ची टाकावा. खातेनिहाय जाहिरातीच्या नावाखाली गर्दी विकत घेणे, हा आपण आपल्यालाच दिलेला धोका होय.

रोजकिर्दीत दिवसाचे सारे व्यवहार उतरतात. परंतु खतावणी होईपर्यंत कोणाकडून किती येणे आहे, हे कळत नाही. जाहिरात किती वेळा दाखविली, किती जणांनी पाहिली, हे आकडे रोजकिर्दीचे आहेत. त्यांची खतावणी झाली पाहिजे. यादीतील प्रत्येक संस्थेपुढे तीन रकाने आखावेत : निर्णयाची माणसे किती, त्यांपैकी माध्यमावर सापडण्याजोगी किती, आणि महिनाअखेर त्या संस्थेत जाहिरात प्रत्यक्ष दिसली की नाही. माध्यम व्यक्तींची नावे देत नाही, पण संस्थावार आकडे मागता येतात, ते मागावेत. दोन जाहिरातींच्या पोहोचीची बेरीज करू नये, कारण तोच माणूस दोन्हीकडे मोजलेला असतो. आणि जेथे पोहोच शून्य दिसेल, तेथे मुनीमजींना पाठवावे, टपालाने पत्रक धाडावे, किंवा स्वतः जावे. शून्य कळणे हाही नफाच आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. गिऱ्हाइकांचे दूरध्वनी क्रमांक व ई-पत्ते ही विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. पोहोच वाढविण्याच्या भरात ती यादी परक्या हाती देण्यापूर्वी त्यांची संमती आहे काय, हे पाहावे. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आहे. पण कायदा नसता तरी पेढीची पत हाच आपला कायदा होता.

त्या पेढीने अखेर काय केले? ८२,००० चा कागद परत पाठविला, 'सदृश' माणसांची मुभा बंद करविली, आणि २४० नावांची यादी थोरल्या व धाकट्या मालकांनी शेजारी बसून दोन संध्याकाळी तपासली. बंद पडलेल्या १७ फाउंड्र्यांची नावे त्यांना त्याच यादीत सापडली. सभासद बंधूंनी येत्या दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी आपल्या यादीची अशीच एक उजळणी करावी, एवढीच आमची विनंती आहे.