मुदत संपलेला परवाना आणि 'आपला माणूस'

जळगावहून एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर गाडी अडवली गेली आणि परवान्याची मुदत संपलेली निघाली, की चालकाचा हात प्रथम भ्रमणध्वनीकडे जातो. कुठल्यातरी 'आपल्या माणसाचा' शोध सुरू होतो. तो सापडला तर पावती फाटत नाही. न सापडला तर पाच हजारांचे चलन हाती पडते आणि अन्यायाची ओरड सुरू होते. हा अन्याय खरोखर आहे काय, हे तपासण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली जाते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मुदत संपल्यावरही परवाना तीस दिवस ग्राह्य धरला जात असे. २०१९ च्या दुरुस्तीने ही सवलत गेली आणि दंड पाचशेवरून पाच हजारांवर पोहोचला. महाराष्ट्रात ही वाढ डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाली. मुदतीनंतर वर्षभर नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, याचा अर्थ वर्षभर गाडी चालवता येते असा अनेक सुशिक्षितही लावतात. ते वर्ष अर्जासाठी आहे, वाहन चालवण्यासाठी नव्हे. 'तीस वर्षे गाडी चालवतो आहे, एकही अपघात नाही' हा युक्तिवाद न्यायालयात टिकणारा नाही. तेथे दंड भरावा, हेच उचित.

परंतु प्रत्येक चलन बरोबरच असते, असेही नाही. परवाना घरी राहणे आणि त्याची मुदत संपणे या भिन्न गोष्टी आहेत. २०१८ पासून डिजिलॉकरमधील परवानाही कायद्याने ग्राह्य आहे. करोनाकाळात तर १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेली कागदपत्रे केंद्राने ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत वैध मानली होती. अशा वैध परवान्यावर चलन झाले, तर तडजोड शुल्क भरून मोकळे होण्याची सक्ती नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे बाजू मांडता येते. अडचण एवढीच, की धुळ्याच्या माणसाला जळगाव जिल्ह्यातील चलनासाठी तेथे खेटे घालावे लागतात, रोजगार बुडतो. म्हणून निर्दोष माणूसही पैसे भरतो. ज्या तत्परतेने चलनाचा संदेश येतो, त्याच तत्परतेने मुदत संपण्यापूर्वीची सूचना प्रत्येकाला मिळावी, ही अपेक्षा गैर नाही. पंचावन्नी ओलांडलेल्यांना तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

दंडापेक्षा मोठा धोका पुढे आहे. चालकाच्या परवान्याची मुदत तीन वर्षांपूर्वीच संपली होती, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये भरपाईचा भार विमा कंपनीवर नव्हे, ट्रकमालकावर टाकला. परवाना तपासत राहणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. रावेर-यावलची केळी घेऊन उत्तरेकडे ट्रक निघतात, तेव्हा किती मालक चालकाच्या परवान्यावरील तारीख पाहतात?