गर्दी आणि दर्दी

१५ जून २०२४ रोजी टेक्सासमधील कॉलेज स्टेशन ह्या विद्यापीठाच्या गावी, काइल फील्ड नावाच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर, जॉर्ज स्ट्रेट ह्या बहात्तर वर्षांच्या कंट्री गायकाला ऐकण्यासाठी १,१०,९०५ माणसे जमली. एकाच मुख्य कलावंतासाठी तिकीट लावून झालेल्या अमेरिकेतील मैफलींचा तोवरचा उच्चांक ग्रेटफुल डेड ह्या रॉक बँडच्या नावावर होता. ३ सप्टेंबर १९७७ रोजी न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथे, मोटारशर्यतींच्या मैदानात, १,०७,०१९ श्रोत्यांसमोर त्यांनी तो नोंदवला होता. जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे अबाधित राहिलेला हा आकडा मोडला, आणि तो एका कंट्रीवाल्याने मोडला, ही गोष्ट आम्हां रॉकप्रेमी मंडळींना लागली. लागली हाच शब्द योग्य आहे.

त्या दिवसांत आमच्यात जी चर्चा झाली ती आज आठवली तरी संकोच वाटतो. कोणी म्हणाले, टेक्सासच्या माणसाने टेक्सासात गर्दी जमवली, त्यात नवल काय? कोणी म्हणाले, ही माणसे गाणे ऐकायला येतच नाहीत, बिअर प्यायला आणि टोप्या मिरवायला येतात. आणि अखेरीस ते सनातन वाक्य आलेच, की गर्दी निराळी आणि दर्दी निराळे. आम्हीही मान डोलावली. पुढे २७ सप्टेंबर २०२५ रोजी मिशिगन विद्यापीठाच्या मैदानावर झॅक ब्रायन ह्या तरुण गायकाने १,१२,४०८ श्रोते जमवून तोही आकडा मागे टाकला. झॅक ब्रायनला रॉक म्हणावे की कंट्री ह्याचा निवाडा कोणालाच नीट करता येत नाही, त्यामुळे ह्या वेळी आमची मंडळी काहीशी गोंधळली, एवढेच.

मुळात प्रश्न असा आहे की गर्दी हा दर्जाचा पुरावा नव्हे हे तत्त्व आम्ही केव्हा पाळतो? वुडस्टॉकची गोष्ट सांगताना आम्ही माणसांचा आकडा आधी सांगतो. १९६५ साली बीटल्स न्यू यॉर्कच्या शे स्टेडियमवर गायले ही घटना तर आमच्या पुराणातील आदिपर्वच. तेथील सुमारे ५५,६०० ही संख्या आम्हांला पाठ असते. त्या दिवशी किंकाळ्यांच्या गदारोळात गाणे जवळपास कोणालाच ऐकू आले नाही हेही आम्ही सांगतो, आणि तेसुद्धा कौतुकानेच. म्हणजे गाणे ऐकू न येणे हा रॉकच्या मैफलीत इतिहास ठरतो आणि कंट्रीच्या मैफलीत दोष. गर्दी आपली असली की ती पिढीचा उद्गार, दुसऱ्याची असली की जत्रा.

शे स्टेडियमचा विषय निघालाच आहे तर एक तपशील नोंदवणे भाग आहे, कारण आमच्या पिढीजात कथनातून तो नेहमी गळतो. त्या दिवशी रिंगो स्टारने जे गाणे म्हटले ते ‘अ‍ॅक्ट नॅचरली’. बक ओवेन्स ह्या कॅलिफोर्नियातील कंट्री गायकाने १९६३ साली ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेले होते. म्हणजे रॉकच्या मैदानी युगाचा आरंभ आम्ही ज्या मैफलीपासून मोजतो, त्याच मैफलीत एक निखळ कंट्री गीत गायले गेले होते. त्याला कोणी हुर्यो केल्याची नोंद नाही.

इंग्लिशटाउनचीही कथा वेगळी नाही. ग्रेटफुल डेडच्या आधी त्या दिवशी रंगमंचावर आले ते न्यू रायडर्स ऑफ द पर्पल सेज आणि मार्शल टकर बँड, दोघेही कंट्रीच्या कुशीत वाढलेले. न्यू रायडर्सच्या आरंभीच्या दिवसांत डेडचा जेरी गार्सिया स्वतः पेडल स्टील गिटार वाजवत असे. हे मांडीच्या उंचीवर आडवे ठेवलेले, पायटे आणि गुडघ्याने ढकलायच्या कळा असलेले वाद्य, ज्याच्या मिंडेसारख्या घसरत्या सुरावर आमच्यातील अनेकांचा राग आहे. डेड मर्ल हॅगर्डची, मार्टी रॉबिन्सची, जॉनी कॅशची गाणी वर्षानुवर्षे गात राहिले. तेव्हा १९७७ चा आकडा रॉकचा आणि २०२४ चा कंट्रीचा, ही वाटणी आम्ही मागाहून केलेली आहे.

वाटणी करणारे आम्ही पहिले नव्हे. १९२० च्या दशकात अमेरिकन ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी दक्षिणेतील एकाच मातीतले संगीत दोन सूचीपत्रांत विभागले. कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस’ आणि गोऱ्या ग्रामीणांसाठी ‘हिलबिली’. वस्तुतः वाजवणारे एकमेकांचे ऐकत होते, उसने घेत होते. १९३० साली जिमी रॉजर्स ह्या कंट्रीच्या आद्य गायकाच्या एका ध्वनिमुद्रणात ट्रम्पेट वाजवली ती लुई आर्मस्ट्राँगने. चक बेरीच्या १९५५ सालच्या ‘मेबेलीन’चे मूळ ‘आयडा रेड’ ह्या फिडलवर वाजणाऱ्या जुन्या गीतात आहे. ही सोयरीक दुकानाच्या फळ्यांवर मोडली गेली. पुढे त्या फळ्या श्रोत्यांच्या मनात गेल्या.

दुसऱ्या बाजूनेही हेच झाले हे सांगितले पाहिजे, नाहीतर आमचा लेख एकांगी होईल. मार्च १९६८ मध्ये बर्ड्‌स हा रॉक बँड नॅशव्हिलच्या राइमन सभागृहात ग्रँड ओल ऑप्री ह्या कंट्रीच्या देव्हाऱ्यासमोर उभा राहिला, तेव्हा लांब केसांच्या ह्या पोरांची श्रोत्यांनी टर उडवली. ग्रॅम पार्सन्सने जाहीर झालेले गाणे बाजूला ठेवून आपलेच ‘हिकरी विंड’ गायले, हाही अपराधच ठरला. त्याच वर्षी आलेली त्यांची ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ ही ध्वनिमुद्रिका आज दोन्ही घराणी आपली म्हणून मिरवतात. चार-पाच वर्षांनी टेक्सासमधील ऑस्टिन येथे आर्मडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स ह्या सभागृहात विली नेल्सन गाऊ लागला आणि हिप्पी व गुराखी एकाच छताखाली बसले. बसले म्हणजे एकमेकांवर प्रेम करू लागले असे नव्हे, पण बसले.

तर मग हा तिटकारा येतो कोठून? १९९६ साली बेथनी ब्रायसन ह्या समाजशास्त्रज्ञ विदुषीने अमेरिकन श्रोत्यांच्या नावडींचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षण वाढते तशी संगीताबाबतची सहिष्णुता वाढते, असे तिला आढळले. मात्र हे सहिष्णू लोकही ज्या प्रकारांना नाके मुरडतात ते प्रकार नेमके सर्वांत कमी शिकलेल्या श्रोत्यांचे असतात: गॉस्पेल, कंट्री, रॅप आणि हेवी मेटल. ‘आम्हांला सगळे आवडते, कंट्री सोडून’ ह्या अमेरिकेत नेहमी ऐकू येणाऱ्या वाक्याचा अर्थ येथे उलगडतो. त्यात ‘सगळे’ हे औदार्य आणि ‘सोडून’ ही हद्द. आणि त्या यादीत मेटल आहे, जे रॉकचेच अपत्य. ते आपल्या यादीत नाही असे समजणाऱ्या आमच्या मेटलप्रेमी स्नेह्यांना हे मुद्दाम कळवावेसे वाटते.

साहित्याच्या प्रांतात हा अनुभव आम्हांला परका नाही. बाबा कदम किंवा सुहास शिरवळकर ह्यांची नावे आमच्या विद्यार्थिदशेत वर्गात निघत ती हशा पिकवण्यासाठी. वाचनालयातील त्यांच्या कादंबऱ्यांच्या फाटक्या, डाग पडलेल्या प्रती हा त्यांच्याविरुद्धचा पुरावा मानला जाई. कादंबरी कशी रचली आहे, संवाद कसे चालतात, हे पाहण्याचे कष्ट कोणी घेत नसे, कारण वाचणारा कोण आहे हे आधीच कळलेले असे. त्या कादंबऱ्या थोर होत्या असा आमचा दावा नाही. आम्ही त्या न वाचता निकालात काढल्या, एवढेच म्हणणे आहे.

कंट्रीच्या बाबतीत तर आपल्याकडे गंमतच झाली. गोव्यात आणि मुंबईत वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांत जिम रीव्ह्‌ज हा घरचा आवाज होता. १९६४ साली विमान अपघातात गेलेला हा मृदू गळ्याचा कंट्री गायक भारतात अनेकांना कंट्री ह्या नावाविनाच माहीत होता आणि प्रिय होता. पुढे आमच्यासारखी मराठी मुले इंग्रजी रॉकच्या कॅसेटी आणि नियतकालिकांच्या वाटेने ह्या संगीताकडे आली, तेव्हा संगीताबरोबर तिटकाराही आयात झाला. ज्या माणसांना आम्ही कधी पाहिले नाही, ज्यांची गावे नकाशावर दाखवता येणार नाहीत, त्यांना गावंढळ ठरवण्यात आम्ही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील पदवीधरांचे सहोदर झालो.

अर्थात कंट्रीवरचे सर्वच आक्षेप असे उडवून लावता येत नाहीत. मार्च २००३ मध्ये इराक युद्धाच्या तोंडावर डिक्सी चिक्स ह्या तीन स्त्रियांच्या बँडने लंडनच्या रंगमंचावरून राष्ट्राध्यक्ष बुश ह्यांच्याविषयी नापसंती व्यक्त केली, तेव्हा कंट्री वाजवणाऱ्या कितीतरी नभोवाणी केंद्रांनी त्यांची गाणी लावणे बंद केले. २०१९ साली लिल नॅस एक्स ह्या कृष्णवर्णीय तरुणाचे ‘ओल्ड टाउन रोड’ बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून काढून टाकले. हे दोष खरे आहेत आणि ते व्यवसायाचे आहेत, म्हणूनच त्यांचे माप लावायचे तर ते नभोवाणीच्या व्यवस्थापकांना आणि यादी करणाऱ्यांना लावावे. मैदानात बसलेल्या लाखभर माणसांच्या मनात काय आहे हे टोपीवरून ठरवणे ही समीक्षा नव्हे.

आमचा स्वतःचा आक्षेप वेगळा आहे, आणि तो रूपाविषयी आहे. कंट्री गीत मुळात खोलीसाठी घडलेले असते. एक माणूस दुसऱ्याला गोष्ट सांगतो, त्यात गावाचे नाव, रस्त्याचा क्रमांक, टेबलावर राहिलेला पेला असे तपशील येतात आणि शेवटच्या कडव्यात अर्थ कलटी खातो. राइमन सभागृहात जेमतेम अडीच हजार माणसे मावतात. तेथे हे तपशील पोचतात. लाखाच्या मैदानात कडवे विरून जाते आणि धृपदच तेवढे उरते, कारण ते सगळ्यांना एकदम गाता येते. मग गाणी लिहिलीच जातात ती धृपदासाठी. पिकअप गाडी, नदीकाठ, थंड बिअर, जीन्स घातलेली मुलगी. २०१३ साली जोडी रोझेन ह्या समीक्षकाने ह्या प्रकाराला ‘ब्रो-कंट्री’ हे नाव दिले, ते चिकटले.

परंतु हे मैदानी रूप कंट्रीने आणले कोठून? एसी/डीसीची ‘बॅक इन ब्लॅक’ आणि डेफ लेपर्डची ‘हिस्टेरिया’ घडवणारा निर्माता मट लँग हाच नव्वदच्या दशकात शनाया ट्वेनच्या ध्वनिमुद्रिकांचा निर्माता होता. ढोलांचा तो प्रचंड, घुमणारा ठोका आणि एका घोषणेत मावणारे धृपद त्याने सोबत आणले. गार्थ ब्रुक्सने तर किस आणि क्वीन ह्यांचे ऋण उघड मानले आणि १९९३ साली डॅलसजवळच्या टेक्सास स्टेडियममध्ये तारांना लटकून प्रेक्षकांच्या डोक्यांवरून उड्डाण केले. आजच्या कंट्रीत आम्हांला जे असह्य होते त्यातील निम्मे आमच्याच घरून गेलेले आहे.

ह्या पार्श्वभूमीवर जॉर्ज स्ट्रेटची मैफल ऐकावी, शक्यतो पाहावी. हा माणूस उडत नाही, धावत नाही. मैदानाच्या मध्यभागी चौफेर रंगमंच, त्याच्या चार बाजूंना चार ध्वनिक्षेपक, आणि गिटार गळ्यात घालून दोन गाणी एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, अशी त्याची अनेक वर्षांची रीत. अशा रचनेत मंचामागच्या जागाही विकता येतात, हा त्यातील हिशेबाचा भाग झाला. आकड्यातला काही वाटा हा असा मैदानाच्या आणि मंचाच्या भूमितीचा असतो, आणि लाखाहून अधिक आसनांची मैदाने अमेरिकेत असतात ती प्रामुख्याने विद्यापीठांच्या फुटबॉलसाठी. पण ते सोडले तरी एक गोष्ट उरते. फिडल आणि पेडल स्टील साथीला घेऊन, कडवी स्पष्ट उच्चारत, एक वृद्ध गायक लाखाला गोष्ट सांगू शकतो. मैदान धृपदच मागते हा आमचा वरचा सिद्धान्त येथे लंगडा पडतो, हे आम्ही मान्य करतो.

आकड्यांवर विश्वास ठेवू नये असे म्हणणाऱ्यांनी आणखी एक प्रसंग आठवावा. मे १९९१ पर्यंत बिलबोर्डची ध्वनिमुद्रिकांची यादी दुकानदारांच्या तोंडी सांगण्यावर बने. त्यानंतर साउंडस्कॅनच्या यंत्राने प्रत्यक्ष विक्री मोजायला सुरुवात केली, आणि सप्टेंबरात गार्थ ब्रुक्सची ‘रोपिन द विंड’ पहिल्याच आठवड्यात सर्व प्रकारांच्या यादीत अग्रस्थानी आली. पूर्वी कोणत्याही कंट्री ध्वनिमुद्रिकेला हे साधले नव्हते. काउंटरमागच्या माणसांना कंट्री विकत घेणारे गिऱ्हाईक रोज दिसत होते, मोजले मात्र जात नव्हते.

तिकिटांचा प्रश्न ह्याहून जिव्हाळ्याचा आहे, आणि त्यावर रॉक व कंट्री ह्यांनी एकत्र यावे असे आम्हांला मनापासून वाटते. १९९४ साली पर्ल जॅमने तिकीटमास्टरच्या मक्तेदारीविरुद्ध अमेरिकन न्याय खात्याकडे धाव घेतली, पण पुढच्या वर्षी चौकशी गुंडाळली गेली. त्याच दशकात गार्थ ब्रुक्स आपली तिकिटे वीस डॉलरच्या आसपास ठेवत होता, ह्याची दखल आमच्या रॉक नियतकालिकांनी फारशी घेतली नाही. २०२२ साली झॅक ब्रायनने आपल्या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेच्या नावातच तिकीटमास्टरचा निषेध केला. मे २०२४ मध्ये न्याय खात्याने तिकीटमास्टरची मालक कंपनी लाइव्ह नेशन हिच्यावर मक्तेदारीचा खटला भरला. मैदानात कोण बसू शकतो हे ज्या दरांवर ठरते ते दर दोन्हीकडच्या श्रोत्यांना सारखेच पिळतात. आमची चर्चा मात्र टोप्यांवर अडली होती.

परवा आम्ही इंग्लिशटाउनचे ध्वनिमुद्रण पुन्हा लावले. १९९९ साली ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले आहे. सुरुवातीच्या गाण्यांतच ‘मी अँड माय अंकल’ येते. चुलत्यासोबत घोड्यावरून निघालेला पुतण्या, सांता फेमधला पत्त्यांचा डाव, गोळीबार, आणि रस्त्याच्या कडेला टाकून दिलेला चुलता. डेडने आपल्या आयुष्यात सर्वाधिक वेळा गायलेले गाणे ते हेच. ते संपल्यावर आमच्यातील एकाने, ज्याने २०२४ साली सर्वांत मोठ्याने नाक मुरडले होते, विचारले की हे कंट्री कसे नाही. कोणी उत्तर दिले नाही, आणि पुढचे गाणे सुरू झाले.