गिरणीत कलाग्राम जरूर करा; पण गाळा कोणाच्या नावावर?

गिरणगावातील उरल्यासुरल्या शेड पाहून अलीकडे अनेकांना कलेचा पुळका येऊ लागला आहे. गिरणी पाडू नका, तिथे कलावंतांची वसाहत करा, ही सूचना आम्हाला मान्यच आहे. परंतु नकाशा काढण्यापूर्वी कायदा वाचावा लागतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते: महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीपुरती उरली. शेडखालची जमीन, शेड पाडल्यानंतरही, वाटणीतून सुटली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. एका शब्दाने गिरणगाव गेले!

न्यूयॉर्कमध्ये बेल लॅबोरेटरीजच्या जुन्या इमारतींत १९७० साली ‘वेस्टबेथ’ ही कलावंतांची वसाहत सुरू झाली. वास्तुरचनाकार रिचर्ड मायर यांनी सुमारे ३८० घरे काढली. आत भिंती कमीत कमी ठेवल्या, म्हणजे चित्रकाराने वा नर्तकाने आपली जागा आपणच मांडावी. अंगणाकडील अर्धगोल सज्जे आगीच्या वेळी सुटकेची वाट म्हणूनही योजले. (२९ डिसेंबर २०१७ रोजी आमच्या कमला मिलच्या आवारात, उपाहारगृहाच्या आगीत, १४ जीव गेले.) मात्र वसाहत टिकली ती केवळ रचनेमुळे नव्हे. भोवतालचा भाग श्रीमंतांचा झाला तरी ही घरे अल्प व मध्यम उत्पन्नाच्या कलावंतांसाठी राखीव राहिली, भाडे बाजारभावावर सोडले नाही. ‘राखीव’ म्हटले की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी अमेरिकेतील हे उदाहरण जरूर पाहावे.

आता आपल्याकडे कलावंत कोणाला म्हणणार? अण्णा भाऊ साठे आणि नारायण सुर्वे दोघेही गिरणीत राबले. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे चाळीचाळींतून रंगले. त्यांचे वारस आज कोणत्या दालनात दिसतात?

गिरणीतील विणकामाची शेड एकमजली, तिचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे. उत्तरेकडून दिवसभर सारखा उजेड येतो. चित्रकाराला याहून चांगली जागा मिळणार नाही, म्हणून पहिली मागणी याच शेडची होणार. पण याच विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, आणि त्याने सवर्ण कामगार बाटत! कमी मजुरीची खाती आमच्या वाट्याला आली. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. त्याच शेडचे दार आता भाड्याच्या आकड्याने बंद होणार असेल, तर जुन्या विटा जपून आम्ही काय करायचे?

तेव्हा आमची मागणी नकाशाची नाही, भाडेकराराची आहे. भाडे उत्पन्नाशी बांधलेले असावे. गाळा विकता वा पोटभाड्याने देता येऊ नये. जलसा मंडळे, शाहीर, लोककलावंत व गिरणी कामगारांची मुले यांचा हिस्सा करारातच आकड्यात लिहावा. ‘प्राधान्य दिले जाईल’ असली भाषा न्यायालयात टिकत नाही, हे आम्ही वकिलीच्या अनुभवाने सांगतो. तालमीला ढोलकी-हलगी वाजवता येईल असे अंगणही हवे, नाहीतर शेजारच्या टॉवरमधून पहिली तक्रार येईल. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय हाती घेतले आहे. सुरुवात तिथूनच करता येईल.