खांबावरचा अँटेना आणि खांबावरचा माणूस



दौलताबादचा किल्ला ज्या डोंगरावर उभा आहे, तो सुमारे २०० मीटर उंचीचा आणि घट्ट काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. रेडिओलहरींच्या दृष्टीने ती एक प्रचंड भिंतच होय. भिंतीआडून बोललेले ऐकू येते, पण भिंतीआडचा दिवा दिसत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. अडथळ्याच्या मानाने तरंगलांबी जितकी लहान, तितकी लहर त्याच्याभोवती कमी वळते आणि त्याच्यामागे छाया पडते. मोबाईलच्या ९०० मेगाहर्ट्‌झ लहरीची लांबी ३३ सेंटीमीटर असते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सेवेचा आरंभ झाला. तिच्यातील ३५०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी जेमतेम ८.६ सेंटीमीटर आहे. तेव्हा अशा डोंगराच्या एका अंगाला मनोरा असला, तर दुसऱ्या अंगाला छाया पडणारच.

यावरचा उपाय आपल्या ओळखीचा आहे. गावभर उजेड पाडायला आपण एकच प्रचंड दिवा उंच टांगत नाही. ठिकठिकाणी खांब रोवून लहान दिवे लावतो. त्याचप्रमाणे रस्त्यावरच्या खांबांवर कमी शक्तीचे लहान अँटेने बसवता येतात. केंद्र सरकारने २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती करून अशा लहान केंद्राची व्याख्या केली : १० मीटर ते २ किलोमीटर टप्प्याचे, कमी शक्तीचे केंद्र. खांब वापरण्याचे शुल्कही तेव्हा ठरले; शहरी भागात वर्षाला ३०० रुपये व ग्रामीण भागात १५० रुपये. त्याच वर्षी भोपाळ शहर, बंगळुरूची मेट्रो, कांडला बंदर आणि दिल्लीचा विमानतळ येथे याचे प्रयोगही झाले. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा झाला आणि त्याखालचे मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आले.

या नियमांतील एक गोष्ट प्रत्येक गावाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. कंपनीने रीतसर अर्ज केला आणि स्थानिक संस्थेने ठरलेल्या मुदतीत उत्तर दिले नाही, तर परवानगी मिळाली असे धरले जाते. २०१६ च्या नियमांत ही मुदत ६० दिवसांची होती. नव्या नियमांतही तत्त्व तेच आहे. नकार द्यायचा, तर त्याची कारणे लेखी द्यावी लागतात. म्हणजे ग्रामपंचायत गप्प बसली तर तिचा अधिकार आपोआप संपतो, आणि नुसती आरडाओरड केली तर ती टिकत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, अर्ज येण्याची वाट न पाहता पंचायतीने आपल्या अटी आधीच लिहून ठेवाव्यात, आणि त्या मोजता येतील अशा असाव्यात.

आता सर्वांत प्रथम सुचवली जाणारी अट पाहा : ‘शाळेपासून इतके मीटर दूर.’ तिच्यामागची काळजी खोटी नाही. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात ठेवले. मात्र ३५०० मेगाहर्ट्‌झच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ०.००००१५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. रेणूतील बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. क्ष-किरण करतात ते काम या लहरी करू शकत नाहीत. तरीही त्या ऊतींना तापवतात, म्हणून मर्यादा हवीच. आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून लागू केली. त्या मापाने १८०० मेगाहर्ट्‌झला दर चौरस मीटरला ०.९ वॅट आणि २००० मेगाहर्ट्‌झच्या पुढे १ वॅट.

ढोबळ हिशेब वहीत करून पाहा. समजा, अँटेन्याची त्याने रोखलेल्या दिशेतील परिणामी शक्ती २० वॅट आहे. अंतराच्या वर्गाला ४π ने गुणा आणि त्याने २० ला भागा. २० मीटरवर उत्तर येते ०.००४ वॅट, ५ मीटरवर ०.०६४; १ मीटरवर १.६. खाली रस्त्याने जाणारा विद्यार्थी मर्यादेच्या कितीतरी आत आहे. उलट, अँटेना दूर हाकलला तर त्याच विद्यार्थ्याच्या कानाजवळचा मोबाईल क्षीण संदेशामुळे अधिक शक्तीने लहरी सोडतो. तेव्हा नुसत्या अंतराच्या अटीने हेतू साधत नाही.

मग मर्यादा ओलांडली जाते कोठे? अँटेन्यापासून मीटरभराच्या आत. आणि तेथे जाणारा माणूस एकच : खांबावर चढणारा वायरमन. सर्वसाधारण नागरिकांसाठीची ही मर्यादा बरीच राखून आखलेली आहे. ती ओलांडल्याबरोबर इजा होते असे नव्हे. परंतु खरी अडचण पुढेच आहे. वायरमन वर चढण्यापूर्वी लाईन बंद करून घेतो. अँटेन्याच्या पेटीत बॅटरी असेल, तर लाईन बंद झाली तरी पेटी चालूच राहते. शिवाय पेटी आणि तिच्या तारा यांमुळे त्याची पाय ठेवण्याची, पट्टा बांधण्याची जागा अडते. शाळेबद्दल आपण तावातावाने बोलतो. या माणसाबद्दल सभेत कोणी बोलताना दिसत नाही. माझ्या मते नियमातील पहिले कलम त्याच्यासाठी असावे.

खांबाचाही विचार हवा. ताशी १४४ किलोमीटरचा वारा, म्हणजे सेकंदाला ४० मीटर, दर चौरस मीटरवर सुमारे ९६० न्यूटन दाब देतो. ०.१ चौरस मीटरच्या पेटीवर तो सुमारे ९६ न्यूटन होतो. पेटी ८ मीटर उंचीवर असेल, तर बुंध्याशी जवळजवळ ७७० न्यूटन-मीटरचे आघूर्ण येते. नव्या खांबाला ते सोसेल. बुंध्याशी गंजलेल्या खांबाचे काय?

दौलताबादला आणखी एक बाब आहे. किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. लोकांना वीज पुरवण्याची कामे या कायद्यातील ‘बांधकाम’ या व्याख्येतून वगळलेली आहेत. पण त्या खांबावर दूरसंचाराची पेटी चढवली, तर ती कशात मोडते, हे पुरातत्त्व खात्याला लेखी विचारूनच ठरवावे. नव्या मनोऱ्यापेक्षा आहे त्या खांबावरची छोटी पेटी चांद मिनारच्या दृश्याला कमी बाधते, हे मात्र खरे.

तर अटी चार असाव्यात. एक, हाताशी येईल असा बंद करण्याचा खटका, जो बॅटरीही तोडील. दोन, खांबाच्या मजबुतीचा अभियंत्याचा दाखला, ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासलेला. तीन, खांबावर मराठीत पाटी : मालक कोण, शक्ती किती, किती अंतरात जाऊ नये आणि तक्रार कोठे करावी. चार, बसवल्यानंतर केलेल्या मोजणीचा आकडा पंचायतीच्या फलकावर. दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ मनोऱ्यांची अशी माहिती लोकांना मिळावी म्हणूनच सुरू केले. गावातल्या फलकाने तेच काम जवळून होईल.

शिक्षकांना विनंती की, व्यस्त वर्गाचा नियम शिकवताना वरील हिशेब फळ्यावर जरूर करावा. मुलांकडून गावातील खांबांचा नकाशा काढून घ्यावा, गंजलेले बुंधे त्यावर खुणेने दाखवावेत. त्यासाठी कोणीही खांबाला हात लावू नये किंवा वर चढू नये. जमिनीवरून पाहणे पुरेसे आहे. तो नकाशा आणि या चार अटी घेऊन वडीलधाऱ्यांबरोबर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला जा. मत देण्याचे तुमचे वय झालेले नसेल, पण भागाकार तुम्हांला येतो, आणि सभेला त्याची गरज आहे.