रकाना आणि बुद्धी

जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या 2021 च्या निवडणुकीत, स्त्रियांसाठी राखीव असलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या तृतीयपंथी अंजली गुरू संजना जान यांचा अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने नामंजूर केला. परंतु उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2 जानेवारी रोजी, व्यक्तीने स्वतः मानलेली लिंग-ओळख ग्राह्य धरून, तो अर्ज स्वीकारण्याचा हुकूम दिला, आणि गावाने त्यांना निवडून दिले. अर्जावरील लिंगाच्या रकान्याचा वाद तेथे मिटला. बुद्धीच्या मोजमापातील रकान्याचा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही.

घनाकृती मनातल्या मनात फिरवून ताडून पाहण्याची जी कसोटी शेपर्ड आणि मेट्झलर यांनी 1971 साली योजिली, तीत पुरुषांची सरासरी सरस ठरते आणि शब्दस्मरणाच्या काही कसोट्यांत स्त्रियांची, हे पुढे वारंवार आढळले. तथापि दोन्ही समूहांचे गुण परस्परांत इतके मिसळलेले असतात, की त्यांवरून एखाद्याची लिंग-ओळख खरी की खोटी हे ठरविणे सर्वस्वी अन्याय्य होय. शिवाय ईशान्य भारतात झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पितृवंशीय कार्बी समाजात आकृतींचे कोडे पुरुषांनी स्त्रियांहून लवकर सोडविले, तर शेजारच्या मातृवंशीय खासी समाजात हे अंतर दिसलेच नाही. ज्याला आपण निसर्ग म्हणतो त्यात संगोपनाचा वाटा केवढा मोठा!

काही अभिक्षमता कसोट्यांत मुलगे व मुली यांची प्रमाणके, म्हणजे गुण ताडून पाहण्याचे मापदंड, स्वतंत्र असतात. उत्तरे तीच, गुण तेच, पण रकाना बदलताच विद्यार्थ्याचे स्थान बदलते. ज्या मुलाला कोणताच रकाना आपला वाटत नाही, त्याने काय करावे? 2011 च्या जनगणनेत ‘इतर’ म्हणून नोंदलेल्यांत साक्षरता सुमारे 56 टक्के होती, तर देशाची 73. शाळेतून हुसकावलेल्यांच्या गुणांना त्यांच्या बुद्धीचा दाखला मानणे मला क्रूर वाटते.

अक्षरओळख नसलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव अभिमानाने धारण करणारे आणि जळगाव-धुळ्याची महाविद्यालये ज्याच्या कक्षेत येतात ते विद्यापीठ हा रकाना पुसण्यात पुढाकार घेवो. त्याने लिंगनिरपेक्ष प्रमाणके तयार करावीत, आणि तोवर खानदेशातील शाळांनी मार्गदर्शनासाठी घेतलेल्या कसोट्यांत विद्यार्थ्याचे मूळ गुण त्याच्या हाती द्यावेत.